परीक्षेतील मराठी आणि जबाबातील मराठी : वसाहतकालीन पोलीस अधिकाऱ्यांचे भाषाशिक्षण

प्रस्तावना

भाषा आणि सत्ता यांच्या संबंधांचा विचार करताना आपण बहुधा राजभाषा, शिक्षणाचे माध्यम आणि मुद्रण या तीन गोष्टींपाशी थांबतो. प्रस्तुत लेखात आपण एका चौथ्या, तुलनेने दुर्लक्षित क्षेत्राकडे वळणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे पोलीस खाते. ब्रिटिश अमदानीत मराठी मुलखात नेमलेल्या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागे, तिची परीक्षा द्यावी लागे आणि त्या परीक्षेवर त्याचे नोकरीतील स्थैर्य व वेतन अवलंबून असे. ही व्यवस्था कशी उभी राहिली, तिने भाषेच्या कोणत्या अंगाची पारख केली आणि कोणते अंग तिच्या नजरेतून सुटले, हे आपण पाहू.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : ज्या भाषिक कौशल्याला बढतीचे मोल मिळते तेवढेच कौशल्य अधिकारी कमावतो. उरलेल्या भाषेचे ज्ञान दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाते आणि त्याची किंमत जबाब देणारा माणूस मोजतो. हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आपल्यापैकी काही जण पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेसाठी मराठी व्याकरण अभ्यासत असतील. काही जण पुढे न्यायालयात, तहसील कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात लेखनिक म्हणून काम करतील. दुसऱ्याचे बोलणे कागदावर उतरवण्याचे काम त्यांच्याकडे येईल. म्हणून हा विषय आपल्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे.

१. भाषा शिकणे ही नोकरीची अट का झाली?

इ. स. १८०० मध्ये कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. कंपनीच्या मुलकी सेवकांना देशी भाषा शिकवणे हा त्यामागचा हेतू होता. तेथे बंगाली, संस्कृत व मराठी शिकवणाऱ्या विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला. पंडित वैजनाथ शर्मा यांचे त्यांना मोठे साहाय्य होते. १८१८ मध्ये पेशवाईचा शेवट झाला आणि मराठी भाषेच्या ज्ञानाची गरज एकाएकी वाढली. उत्तर हिंदुस्थानात कंपनीला फारसी दप्तर वारशाने मिळाले होते. मराठी मुलखातील दप्तर मात्र मराठीत आणि तेही मोडी लिपीत होते. महसुलाचा हिशेब असो, वतनाचा वाद असो किंवा चोरीची फिर्याद असो, कागद मोडीतच येई.

या गरजेतून साधनग्रंथ निर्माण झाले. व्हॅन्स केनेडी यांचा कोश १८२४ मध्ये निघाला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. केनेडी व मोल्सवर्थ हे दोघेही मूळचे लष्करी अधिकारी होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशाला आपण मराठीचा अमूल्य ठेवा मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु तो कोश प्रथमतः राज्यकारभार चालवणाऱ्या परकीयाच्या टेबलावर असावा म्हणून रचला गेला. शब्दसंग्रहाचे कष्ट अनेक मराठी शास्त्र्यांनी उपसले होते. मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोन यांनी दाखवून दिले आहे की, वसाहतीतील व्याकरणे, कोश आणि पाठ्यपुस्तके ही हुकमत चालवण्याच्या साधनांचाच भाग होती. कोणते शब्द ग्राह्य, कोणती रूपे शुद्ध आणि कोणती ‘गावंढळ’, याचे निवाडे या साधनांमधून होत गेले.

२. परीक्षा, नोकरीतील कायमपण आणि बढती

कंपनीच्या काळात पोलिसांवर देखरेख करणारे युरोपीय अधिकारी बहुतेक करून लष्करातून येत. लष्करात देशी भाषांच्या परीक्षांची परंपरा आधीच रुजलेली होती. पलटणीत दुभाष्याची जागा मिळवायची, तर भाषेची परीक्षा उत्तीर्ण होणे भाग असे आणि त्या जागेला जादा वेतन असे. पुढे अरबस्तानातील प्रवासामुळे प्रसिद्धीस आलेले रिचर्ड बर्टन हे तरुणपणी मुंबई इलाख्याच्या सैन्यात होते. त्यांनी हिंदुस्तानी व गुजरातीपाठोपाठ मराठीचीही परीक्षा दिली होती. भाषेच्या ज्ञानाचा पगाराशी असा थेट संबंध जोडणारी पद्धत पुढे मुलकी आणि पोलीस खात्यांतही रूढ झाली.

१८६१ च्या पोलीस कायद्यानंतर देशभर पोलीस दलाची नव्याने बांधणी झाली. १८९३ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी इंग्लंडमध्ये पहिली स्पर्धा परीक्षा घेण्यात आली. त्यातून निवडलेला विशीच्या आसपासचा तरुण परिवीक्षाधीन साहाय्यक अधीक्षक म्हणून हिंदुस्थानात येई. त्यापुढे त्याला खात्याच्या परीक्षा द्याव्या लागत. फौजदारी कायदा, खात्याचे नियम आणि नेमणुकीच्या प्रांताची भाषा हे त्यांतील मुख्य विषय असत. परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज नोकरीत कायम होता येत नसे. भाषांच्या परीक्षांना निम्न व उच्च अशा दोन पातळ्या होत्या. त्यांच्याही पुढे विशेष प्रावीण्याच्या परीक्षा होत्या आणि त्यांत यश मिळवणाऱ्यास रोख बक्षीस मिळे.

१९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाने खात्याची कसून तपासणी केली. पोलीस दल अकार्यक्षम आहे, त्याचे प्रशिक्षण सदोष आहे आणि लोकांना ते जुलमी व भ्रष्ट वाटते, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रांतोप्रांती प्रशिक्षणशाळा असाव्यात, यावर आयोगाचा भर होता. मुंबई प्रांतात १९०६ मध्ये पुण्यानजीक भांबुर्डे येथे, म्हणजे आजच्या शिवाजीनगर भागात, पोलीस प्रशिक्षणशाळा सुरू झाली. १९०९ मध्ये ती नाशिकला हलवण्यात आली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी हे तिचेच पुढचे रूप होय.

ही पद्धत प्रांतोप्रांती सारखीच होती. त्या काळी ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. १९२२ मध्ये एरिक ब्लेअर नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण तेथील मंडालेच्या पोलीस प्रशिक्षणशाळेत दाखल झाला आणि कायद्याबरोबर बर्मी व हिंदुस्तानी शिकू लागला. पुढे जॉर्ज ऑर्वेल या टोपणनावाने जगप्रसिद्ध झालेला लेखक तो हाच. १९२१ पासून या सेवेची स्पर्धा परीक्षा हिंदुस्थानातही होऊ लागली आणि हिंदी उमेदवारांना वरच्या जागांचा मार्ग काहीसा मोकळा झाला.

परीक्षेत काय विचारले जाई, हे पाहणे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत भाषांतर, हस्तलिखित अर्जांचे वाचन आणि परीक्षकाशी संभाषण अशी तिची सर्वसाधारण घडण असे. मराठीच्या बाबतीत हस्तलिखित म्हणजे मोडी. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बालबोध लिपीला प्राधान्य देण्याचा निर्णय घेतला, तरी मोडीचा वापर त्यानंतरही बराच काळ चालू राहिला. परीक्षेत तोंडी भाग होता हे खरे; परंतु समोर बसलेला परीक्षक सुशिक्षित असे, शुद्ध बोले आणि उमेदवाराला समजावे अशा बेताने बोले. मार खाऊन आलेला कुळवाडी किंवा घाबरलेली विधवा परीक्षकाच्या खुर्चीवर कधीच बसत नसे.

३. परीक्षेत न मावणारी मराठी

आता आपण भाषावैज्ञानिक मुद्द्याकडे येऊ. पुढील उदाहरणे अभ्यासासाठी रचलेली आहेत. परंतु त्यांतील रूपे कोल्हापूर-इचलकरंजी परिसरात आजही ऐकू येतात.

अ) ‘मारणे’ या क्रियापदाचा अर्थ : ‘त्यानं भावाला मारलं’ या वाक्याचा अर्थ भावाला चोप दिला असाही होतो आणि भावाचा जीव घेतला असाही होतो. ‘मारून टाकलं’ म्हटले की संदिग्धता संपते, कारण ‘टाकणे’ हे साहाय्यक क्रियापद क्रियेची पूर्णता दाखवते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत साधी दुखापत कलम ३२३ खाली येत असे आणि खून कलम ३०२ खाली. एका साहाय्यक क्रियापदावर एवढे अंतर अवलंबून होते. असाच भेद ‘कुलूप तुटलं’ आणि ‘कुलूप तोडलं’ यांत आहे. पहिल्यात कर्ता नाही, दुसऱ्यात आहे.

आ) ‘म्हणे’ हे अव्यय : ‘सखाराम म्हणे रात्री खळ्यावर होता’ असे बोलणारा स्वतःची जबाबदारी काढून घेत असतो. माहिती ऐकीव आहे, हे तो एका शब्दाने सुचवतो. भाषांतरात हा शब्द गळाला, तर ‘सखाराम रात्री खळ्यावर होता’ असे ठाम विधान उरते. १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागे; पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगावी लागे. ऐकीव माहितीला प्रत्यक्षाचे रूप मिळाले, तर तपासाची दिशाच बदलते.

इ) ‘आम्ही’ आणि ‘आपण’ : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद मराठीत आहे. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द आहे. गुंतागुंत येथे संपत नाही. आपल्याकडील ग्रामीण बोलीत एकटा माणूसही स्वतःला सहज ‘आम्ही’ म्हणतो. ‘आम्ही गेलतो बाजाराला’ असे सांगणारा एकटाच गेलेला असू शकतो. पाठ्यपुस्तकी मराठी शिकलेला अधिकारी त्यावरून लगेच विचारणार, ‘बरोबर कोण कोण होते?’ आणि ‘कोणी नव्हतं’ हे खरे उत्तर त्याला लपवाछपवी वाटणार.

ई) लिंगव्यवस्था : कोल्हापूर भागात स्त्रियाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी रूपे वापरतात. प्रमाण मराठीत ही पुरुषवाचक रूपे आहेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत एखाद्या उमेदवाराने स्त्रीच्या तोंडी ‘मी आलो’ घातले असते, तर ती चूक ठरली असती. पंचगंगेच्या काठी ते बरोबर होते. परीक्षेने भाषेचे एक रूप ‘मराठी’ म्हणून निश्चित केले आणि लोकांचे प्रत्यक्ष बोलणे त्यापासून ढळलेले मानले, हे येथे स्पष्ट दिसते.

यापुढची पायरी लेखनाची. समजा, एखादी बाई सांगते, ‘रातच्याला कुत्री भुंकाय लागली. उठून बघतोय तर दार सताड उघडं.’ कागदावर हे असे उतरते : ‘सदर रोजी रात्रौ कुत्र्यांच्या भुंकण्याचा आवाज आल्याने मी उठून पाहिले असता दार उघडे असल्याचे दिसून आले.’ माहिती जवळपास तीच आहे. पण काय गेले ते पाहा. ‘बघतोय’मधला अचंबा गेला. दार ‘सताड’ उघडे होते, म्हणजे कोणीतरी घाईने गेले असावे, ही खूण गेली. बोलणारी व्यक्तीच हरवली आणि तिच्या जागी कचेरी बोलू लागली. ‘फिर्याद’, ‘जबाब’, ‘पंचनामा’, ‘मुद्देमाल’, ‘मजकूर इसम’ या शब्दांनी घडलेली ही शैली फारसी-अरबीचा वारसा सांगते. मराठ्यांच्या दप्तरातील आणि इंग्रजी अमदानीतील लेखनाच्या सवयी तिच्यात एकत्र आल्या. तिच्यात अचूकतेची सोय आहे हे नाकारता येत नाही. मात्र त्या सोयीची किंमतही तितकीच खरी आहे.

कायद्याला या धोक्याची जाणीव नव्हती असे नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १५४ नुसार तोंडी दिलेली खबर लिहून घेऊन ती देणाऱ्याला वाचून दाखवणे बंधनकारक होते. दंडाधिकाऱ्यापुढे आरोपीचा जबाब शक्यतो त्याच्याच भाषेत नोंदवावा, असे कलम ३६४ सांगत असे. परंतु वाचून दाखवलेला मजकूर ऐकणाऱ्याला परका वाटणाऱ्या मराठीत असेल, तर ‘होय, बरोबर आहे’ या होकाराला कितपत अर्थ उरतो?

४. मधला माणूस

साहेबाच्या मराठीला पोहोचता येत नसे तेथे मधली माणसे उभी राहत : कारकून, दुभाषा, फौजदार, हवालदार आणि गावचे पाटील-कुलकर्णी. साहेबाला परीक्षेपुरते येई, गावकऱ्याला बोलीपुरते येई. दोन्ही टोकांची भाषा जाणणारा मधला माणूसच खरा बलवान ठरे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांतून या व्यवस्थेवर कठोर टीका केली. युरोपीय अंमलदार कचेरीतील उच्चवर्णीय कामगारांवर विसंबून राहतात आणि अक्षरशून्य शेतकरी त्यात नागवला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. भाषाविज्ञानाच्या परिभाषेत सांगायचे, तर फुले येथे भाषिक मध्यस्थीतून निर्माण होणाऱ्या सत्तेचे विश्लेषण करत होते.

मग अधिकाऱ्याला लोकांची बोली उत्तम येत असती, तर सारे ठीक झाले असते का? या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. चार्ल्स फोर्जेट यांचे उदाहरण घ्या. ते हिंदुस्थानातच वाढले होते. मराठी व हिंदुस्तानीचे सरकारी भाषांतरकार म्हणून त्यांनी काम केले होते आणि दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आपल्याच शेजारच्या प्रदेशात, पोलीस अधिकारी म्हणून नाव कमावले होते. १८५५ मध्ये ते मुंबईच्या पोलिसांचे प्रमुख झाले. वेश पालटून लोकांत मिसळावे आणि कोणाला संशय येऊ नये, इतके त्यांचे भाषेवर प्रभुत्व होते. १८५७ मध्ये त्यांनी शिपायांच्या गुप्त बैठका अशाच रीतीने ऐकल्या आणि त्या वर्षी ऑक्टोबरात दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. तात्पर्य, भाषा येणे म्हणजे लोकांच्या बाजूचे असणे नव्हे. भाषेचे ज्ञान ही शक्ती आहे; ती कोणाच्या हाती आणि कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

५. आपला परिसर आणि आजची स्थिती

इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानांतर्गत घोरपडे घराण्याची जहागीर होती. संस्थानी कारभार मराठीत चाले. त्यामुळे येथील माणसाचा खालसा मुलखातील पोलिसांशी संबंध येई तो बेळगाव किंवा सातारा जिल्ह्यात गेल्यावर. बेळगावच्या बाजूला मराठी आणि कन्नड एकमेकींत मिसळलेल्या होत्या. एकाच बाजारात, एकाच घरातही दोन भाषा नांदत. प्रत्येक भाषेची स्वतंत्र परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेला ही मिसळण मोजण्याचे साधन नव्हते.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये संमत झाला आणि राज्यकारभारात मराठीला अधिकृत स्थान मिळाले. वसाहतकालीन परीक्षेचा सांगाडा मात्र टिकून राहिला. ज्यांची मातृभाषा मराठी नाही, अशा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना आजही एतदर्थ मंडळाच्या निम्नश्रेणी व उच्चश्रेणी मराठी भाषा परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात. तसे न झाल्यास वेतनवाढ रोखली जाऊ शकते. ‘निम्न’ आणि ‘उच्च’ ही जोडी आपण वर पाहिलीच आहे. परीक्षेचा हेतू बदलला आहे आणि तो स्वागतार्ह आहे : राज्यकर्त्याची सोय हा तिचा हेतू राहिलेला नाही, नागरिकाचा हक्क हा तिचा आधार आहे. तिच्या घडणीबद्दलचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. अर्जाचा मसुदा लिहिता येणे आणि समोरच्याचे ऐकून घेता येणे, ही दोन भिन्न कौशल्ये आहेत.

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. आज येथील मागांवर आणि प्रोसेसमध्ये बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा राज्यांतून आलेले कामगार काम करतात. सीमेपलीकडून येणारी कन्नड आहेच. मजुरी बुडाल्याची किंवा मारहाणीची तक्रार घेऊन भोजपुरी बोलणारा कामगार ठाण्यात येतो, तेव्हा समोरचा शिपाई मराठी असतो आणि लिहायचे मराठीत असते. शंभर वर्षांपूर्वी साहेब ज्या खुर्चीवर बसत असे, तिच्यावर आता आपण बसलो आहोत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही खबर वाचून दाखवण्याची अट कायम आहे. ती अट पाळली गेली असे कागदावर लिहिणे सोपे आहे. ऐकणाऱ्याला ते समजले की नाही, हे लिहिणाऱ्याच्या भाषिक जाणिवेवर अवलंबून राहते.

सारांश

वसाहतकालीन पोलीस अधिकाऱ्यांसाठी मराठीची परीक्षा ही नोकरीत कायम होण्याची व वेतनाची अट होती. या गरजेने मराठीला कोश आणि व्याकरणे दिली. त्याबरोबरच भाषेच्या एका लिखित, प्रमाण रूपाला अधिकार मिळवून दिला. साहाय्यक क्रियापदे, ऐकीवपणा दाखवणारे ‘म्हणे’, ‘आम्ही’चा एकवचनी वापर, बोलीतील लिंगरूपे अशा बारकाव्यांची पारख परीक्षेत होत नव्हती, तपासात मात्र त्यांवरच माणसाचे भवितव्य ठरू शकत होते. ही उणीव मध्यस्थांनी भरून काढली आणि त्यातून त्यांची सत्ता वाढली. जबाब लिहिणाऱ्याने बोली समजून घेणे ही म्हणूनच न्यायाची पूर्वअट आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

१. ‘भाषेचे ज्ञान ही शक्ती आहे’ या विधानाची चर्चा फोर्जेट आणि फुले यांच्या संदर्भात करा.

२. ‘मारलं’, ‘म्हणे’ आणि ‘आम्ही’ यांच्यासारखी अर्थभेद घडवणारी आणखी तीन रूपे आपल्या बोलीतून शोधा. जबाबात ती गळाली तर काय होईल, ते लिहा.

३. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला एखादी साधी घटना सांगावयास सांगा. ती प्रथम जशीच्या तशी लिहा, नंतर कार्यालयीन मराठीत लिहा. दुसरा मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि ‘तुम्ही हेच म्हणाला होता का?’ असे विचारा. मिळालेले उत्तर नोंदवहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.